‘आता’ म्हणजे केव्हा? स्ट्रायकरचा कोच होतो तेव्हा

नेरूळमधल्या एका टर्फच्या जाळीबाहेर गेली तीन-चार वर्षं माझ्या रविवारच्या सकाळी जातात. आत लेक फुटबॉल शिकते, बाहेर मी चहाचा थर्मास घेऊन बाकावर. मी स्वतः कधी बॉलला पाय लावलेला नाही. जे काही कळतं ते जाळीच्या चौकोनांतून बघून आणि सरांचं डोकं खाऊन.

हे सर नव्वदच्या दशकात मुंबईतल्या एका कंपनीच्या संघाचे स्ट्रायकर होते. कूपरेजच्या मैदानावरच्या त्यांच्या गोलांच्या गोष्टी सांगणारी माणसं अजून भेटतात. आता गुडघा वाजतो, पोट थोडं सुटलंय, पण मुलांना दाखवायला म्हणून बॉल हाणला की जाळी अशी थरथरते की शेजारच्या सोसायटीतली कबुतरं उडतात.

दोन वर्षांपूर्वी, लेक दहा वर्षांची असताना, एक साधा सराव चालला होता. मधून एक मुलगा पास देणार. पुढे लेक आणि तिला खेटून एक डिफेंडर. लेकीने डिफेंडरच्या मागच्या मोकळ्या जागेत पळायचं आणि तिथे बॉल घ्यायचा. सर ओरडले, “आता!” ती पळाली, पण उशीर झाला, बॉल गोलकीपरकडे. पुढच्या वेळी सरांची वाट न बघता ती आधीच सुटली, तर ऑफसाइड. असं सात-आठ वेळा झाल्यावर कमरेवर हात ठेवून तिने विचारलं, “सर, आता म्हणजे नक्की केव्हा?”

सरांनी तोंड उघडलं. मिटलं. “अगं, ते कळतं,” म्हणाले.

“मला नाही कळत.”

चांगला स्ट्रायकर कोच होतो तेव्हा अडतं कुठे, ते एवढ्या संवादात आलं. बाकीचा लेख त्याचा खुलासा आहे असं समजा.

अर्ध्या सेकंदाचं काम

आधी स्ट्रायकर करतो काय ते बघू. टीव्हीवर आपल्याला त्याचा गोल दिसतो, पण गोल हे त्याच्या कामाचं शेवटचं टोक. सामना 90 मिनिटांचा असला तरी थ्रो-इन, फाउल, कॉर्नर यांत वेळ जाऊन बॉल प्रत्यक्ष खेळात असतो तो साधारण तासभर, बऱ्याचदा त्याहून कमी. तेवढा वेळ 22 जणांत वाटा, प्रत्येकाच्या वाट्याला तीन मिनिटंही येत नाहीत. म्हणजे जवळजवळ सगळा सामना स्ट्रायकर बॉलशिवाय खेळतो. कुठे उभं राहायचं, कुणाच्या नजरेआड जायचं, केव्हा सुटायचं, हेच त्याचं खरं काम.

त्यात ऑफसाइड. या नियमाचा लोकांनी उगीच बाऊ केलाय. पास देणाऱ्याचा पाय बॉलला लागतो त्या क्षणी, समोरच्या अर्ध्या मैदानात, तुम्ही बॉलच्याही पुढे असाल आणि तुमच्या व त्यांच्या गोललाइनच्या मध्ये (किंवा तुमच्या बरोबरीने) त्यांचे किमान दोन खेळाडू नसतील, तर तुम्ही ऑफसाइड. त्या दोघांतला एक बहुतेक वेळा गोलकीपर असतो, म्हणून बोलताना आपण ‘शेवटचा डिफेंडर’ म्हणतो. 1925 पर्यंत हे दोन नव्हे, तीन खेळाडू लागत. त्या साली नियम सैल केला आणि इंग्लंडच्या लीगमध्ये गोलांचा पाऊस पडला.

आता गणित करा. जीव तोडून पळणारा तरुण खेळाडू सेकंदाला सात-आठ मीटर जातो. म्हणजे अर्ध्या सेकंदात चार मीटर. अर्धा सेकंद आधी सुटलात तर लाइन्समनचा झेंडा वर. अर्धा सेकंद उशिरा सुटलात तर डिफेंडर तुमच्या पुढे. सगळं दुकान या दोन चुकांच्या मधल्या फटीत. सरांसारख्या माणसाने ती फट वीस वर्षं रोज गाठली. कशी गाठली, हे मात्र त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

माझ्या आजीला मी एकदा भाकरीच्या पिठात पाणी किती घालायचं ते विचारलं होतं. “लागेल तेवढं.” म्हणजे किती? “पीठ सांगतं.” तिची भाकरी दर वेळी टम्म फुगायची आणि माझी नकाशासारखी व्हायची. तिला येत होतं यात शंका नाही, पण ते तिच्या बोटांत होतं, तोंडात नव्हतं. स्ट्रायकरचं ज्ञान असंच पायांत असतं. कोचला ते तोंडात आणावं लागतं. आणि पायापासून तोंडापर्यंतचा रस्ता भल्याभल्यांना सापडत नाही.

सरांना सापडला, आठवडाभराने. पुढच्या रविवारी आले ते सरळ लेकीकडे गेले. “डिफेंडरचं नाक बघायचं. नाक तुझ्याकडे असेल तर गप्प उभी राहा. नाक बॉलकडे वळलं की तू त्याला दिसत नाहीस. त्याच वेळी पास देणाऱ्याचा पाय मागे गेला असेल, तर ते ‘आता’.” म्हणजे एक नाक आणि एक पाय. मग मला म्हणाले, “मॅडम, आठवडाभर जुने गोल आठवत होतो. मी काय बघून पळायचो तेच आठवेना. शेवटी घरच्या हॉलमध्ये पोराला उभं करून पळून बघितलं, तेव्हा कळलं.”

पाठीला डोळे फुटत नाहीत

दुसरी अडचण जास्त अवघड आहे. मिडफिल्डर मैदानाच्या मधोमध असतो. त्याच्या पुढे, मागे, दोन्ही बाजूंना खेळ चाललेला असतो, त्याला मान सतत फिरवावी लागते. सेंटर-बॅकला, म्हणजे बचाव फळीच्या मधोमध उभ्या असलेल्या खेळाडूला, सगळा सामना समोर पडद्यासारखा दिसतो. स्ट्रायकर मात्र बऱ्याचदा समोरच्या गोलकडे पाठ करून, डिफेंडरला अंगावर घेऊन बॉल थोपवत असतो, किंवा गोलकडे तोंड करून पळत असतो. पळताना मागे आपला संघ कसा उभा आहे, तो किती लांब ताणला गेलाय, हे त्याने बघायचंच नसतं. बघायला गेला तर गोल चुकेल.

कोचला नेमकं तेच बघायचं असतं. बॉल आपल्याकडे असताना काय, बॉल गेल्यावर काय आणि बॉल हातचा जातो त्या चार-पाच सेकंदांत काय. त्या चार-पाच सेकंदांना हल्ली ट्रान्झिशन म्हणतात आणि आजचे निम्मे सामने तिथेच फिरतात. बॉल गेला की आजचा स्ट्रायकर हा संघाचा पहिला बचावपटू. तो समोरच्या सेंटर-बॅककडे सरळ धावत जात नाही, चंद्रकोरीसारखा वळसा घेऊन जातो. त्यामुळे एका बाजूचा पास त्याच्या सावलीत येतो आणि समोरच्याला दुसऱ्याच बाजूला खेळावं लागतं, जिथे आपले तिघे टपलेले असतात. हे नव्वदच्या दशकातल्या स्ट्रायकरला कुणी शिकवलं नव्हतं. सर स्वतः सांगतात, “आमच्या वेळी बॉल गेला की मी पाणी प्यायला जायचो.” थट्टा आहे, पण अगदीच थट्टा नाही.

या अडचणीची सगळ्यात झोंबणारी गोष्ट ॲलेक्स फर्ग्युसनची. मँचेस्टर युनायटेडला 13 वेळा लीग जिंकून देणारा हा माणूस स्वतः स्ट्रायकर होता, आणि चांगला होता. 1965-66 च्या मोसमात डनफर्मलिनसाठी त्याने स्कॉटिश लीगमध्ये 31 गोल केले. पुढे तो रेंजर्सकडे गेला, म्हणजे लहानपणापासून ज्या क्लबवर जीव होता तिथे. 1969 ची स्कॉटिश कपची फायनल, समोर सेल्टिक. कॉर्नरच्या वेळी सेल्टिकचा उंच कप्तान बिली मॅकनीलला धरून ठेवायचं काम फर्ग्युसनकडे होतं. दुसऱ्याच मिनिटाला मॅकनीलने डोक्याने गोल केला. रेंजर्स 0-4 हरले, खापर फर्ग्युसनवर फुटलं आणि तो तिथे पुन्हा रुळलाच नाही.

गोल करणाऱ्या माणसाला गोल अडवण्याच्या चुकीची शिक्षा झाली. याने तो मोठा कोच झाला असं म्हणायचा मोह होतो, पण तसं मी म्हणणार नाही. आयुष्य इतकं सरळ नसतं. एवढं खरं की 1974 मध्ये, 32 व्या वर्षी, त्याने ईस्ट स्टर्लिंगशायरसारख्या अगदी छोट्या क्लबपासून सुरुवात केली. मग सेंट मिरेन, मग ॲबरडीन, तिथे 1983 मध्ये युरोपियन कप विनर्स कपच्या फायनलमध्ये रेयाल माद्रिदला हरवलं, आणि मग 1986 मध्ये मँचेस्टर. बारा वर्षं त्याने मैदानाबाहेर उभं राहून खेळ पाहिला, मग तो मोठ्या घरात गेला.

नेरूळमधला आनेल्का

आता आमच्या गावची गोष्ट. इंडियन सुपर लीगच्या पहिल्या दोन मोसमांत मुंबई सिटी या संघाचं घर अंधेरीत नव्हतं, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर होतं. 2014 ची फायनलसुद्धा इथेच झाली. अगदी शेवटच्या क्षणी कोलकात्याच्या मोहम्मद रफीकने डोक्याने गोल करून केरळची फायनल हिसकावली.

पहिल्या मोसमात मुंबईकडे निकोला आनेल्का आला. पॅरिस, आर्सेनल, रेयाल माद्रिद, लिव्हरपूल, चेल्सी असं फिरून आलेला. माद्रिदकडून 2000 साली चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा) जिंकलेला, 2008-09 मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये सगळ्यात जास्त, 19 गोल करणारा. आणि तोच आनेल्का, ज्याला 2010 च्या वर्ल्ड कपमधून फ्रान्सने मधूनच घरी पाठवलं. मेक्सिकोविरुद्धच्या सामन्यात मध्यंतरात कोच रेमों दोमेनेकशी त्याची जुंपली होती. त्याला घरी पाठवल्यावर बाकीच्या खेळाडूंनी सरावावरच बहिष्कार टाकला. कोचचं ऐकायचं नाही म्हटल्यावर काय होतं, याचा त्याच्याइतका अनुभव कुणाला असेल?

2015 मध्ये मुंबईने त्यालाच कोच केलं, आणि खेळाडूही ठेवलं. याला प्लेअर-मॅनेजर म्हणतात. ऐकायला भारी वाटतं, पण विचार करा. तुम्ही मैदानात पळताय, दम लागलाय, गोलकडे तोंड आहे. मागे आपला लेफ्ट-बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, पुन्हा पुन्हा हुकतोय, ते तुम्हाला कोण सांगणार? आणि बदली खेळाडू आणायचा झाला, स्वतःला बाहेर काढायचं झालं, तर तो हिशेब धावता धावता कसा करणार?

त्या मोसमातला एक सामना मी बघितला. ऑफिसातल्या पोरांनी तिकिटं काढली होती. मला तेव्हा ऑफसाइडही कळत नव्हता. मुंबईने नॉर्थईस्टला 5-1 हरवलं, सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली, आणि लीगमधली ती भारतीयाची पहिली हॅटट्रिक ठरली. नेरूळ स्टेशनपर्यंत आम्ही घसा बसवून घेतला. नंतर, नोव्हेंबरमध्ये, हाच संघ गोव्यात 0-7 हरला. पाच गोल करणारा संघ काही आठवड्यांत सात खातो, तेव्हा पुढची फळी कच्ची आहे असं कुणी म्हणत नाही. गोल कसे करायचे हे त्या संघाला माहीत होतं. बॉल गेल्यावर काय करायचं, ते नव्हतं. आठ संघांत मुंबई सहावी आली.

गंमत अशी की त्याच मोसमात चेन्नईचा कोच होता मार्को मातेराझ्झी, म्हणजे 2006 च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये झिदानचं डोकं छातीवर घेणारा सेंटर-बॅक. दिल्लीचा कोच होता लेफ्ट-बॅक रॉबेर्तो कार्लोस. दिल्ली उपांत्य फेरीत गेली आणि चेन्नईने फायनलमध्ये गोव्याला 3-2 हरवून लीग जिंकली. दोघे बचाव फळीतले. एका मोसमावरून सिद्धांत मांडायचा नसतो, संघात खेळाडू कोण होते यावरही बरंच असतं, हे मान्य. पण टर्फच्या बाकावर बसून सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी नुसतं “हं” केलं, आणि त्या ‘हं’मध्ये बरंच होतं.

प्लेअर-मॅनेजर कधी जमतच नाही असंही नाही. लिव्हरपूलचा फॉरवर्ड केनी डॅल्ग्लिश 1985 मध्ये तसाच झाला आणि पहिल्याच मोसमात लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. लीग नक्की करणारा गोल चेल्सीविरुद्ध त्याचाच. पण त्याला घडी बसलेला संघ आणि कसलेले सहाय्यक मिळाले होते. नवी सून भरल्या घरात आली की पहिल्या दिवशी तिला निदान डबे कुठे आहेत ते दाखवणारं कुणीतरी असतं.

दोन भाऊ

या विषयात माझं सगळ्यात आवडतं उदाहरण इटलीतल्या पियाचेंझाच्या दोन भावांचं. फिलिप्पो आणि सिमोने इन्झागी. दोघेही स्ट्रायकर. थोरला फिलिप्पो, लाडाने पिप्पो, जगज्जेता. 2006 चा वर्ल्ड कप जिंकणाऱ्या संघात, 2007 च्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये मिलानचे दोन्ही गोल त्याचे. तो कायम शेवटच्या डिफेंडरच्या खांद्याला चिकटलेला, सतत रेषेवर. हा पोरगा ऑफसाइडमध्येच जन्माला आला असणार, असं फर्ग्युसन म्हणाल्याचं फुटबॉलवाले आजही सांगतात. धाकटा सिमोनेही बरा खेळायचा, एकदा चॅम्पियन्स लीगच्या एकाच सामन्यात मार्सेयला चार गोल घातले, पण इटलीकडून खेळला जेमतेम तीन सामने.

आता कोच म्हणून बघा. पिप्पो 2012 मध्ये निवृत्त झाला, दोन वर्षं मिलानच्या मुलांना शिकवलं आणि 2014 मध्ये थेट मिलानच्या मुख्य संघाचा कोच झाला. संघ दहावा आला, नोकरी गेली. सिमोने 2010 मध्ये थांबला आणि सहा वर्षं लाझिओच्या कुमार संघांना शिकवत राहिला. 2016 मध्ये मुख्य संघ मिळाला, 2019 मध्ये इटालियन कप, मग इंटर, 2023-24 ची लीग आणि 2023 व 2025 अशा दोन चॅम्पियन्स लीग फायनल. दोन्ही हरला, दुसरी तर 0-5, तरी तिथवर पोहोचला. पिप्पोनेही हार मानली नाही. खालच्या लीगमध्ये उतरला, व्हेनेझिया, बेनेव्हेंतो, पिसा अशा संघांना एकेक पायरी वर चढवत राहिला. 2025 मध्ये पिसाला त्याने पहिल्या लीगमध्ये आणलं.

घर एक, जागा एक, शाळा जवळपास एकच. मला दिसतो तो फरक दोन वर्षं आणि सहा वर्षांचा. मुलांना शिकवताना ‘ते कळतं’ म्हणून सुटता येत नाही, कारण मुलं माझ्या लेकीसारखी कमरेवर हात ठेवतात. मोठे खेळाडू तसं विचारत नाहीत, ते फक्त मनातून उतरवतात.

थिएरी ऑन्री आर्सेनलचा आजवरचा सगळ्यात जास्त गोल करणारा. ऑक्टोबर 2018 मध्ये मोनॅकोचा कोच झाला, जानेवारी 2019 मध्ये घरी. मग 2024 च्या ऑलिंपिकमध्ये फ्रान्सच्या तरुण संघाला घेऊन रौप्यपदक. पुन्हा तेच, तरुण मुलं.

बाकड्यावरची शाळा

पण काही जण मैदानात असतानाच कोच व्हायला लागतात. ओले गुन्नार सोल्शार मँचेस्टर युनायटेडचा बदली स्ट्रायकर. तो बाकड्यावर बसून समोरच्या डिफेंडरना न्याहाळायचा. कोण वळायला हळू आहे, कोण सत्तराव्या मिनिटाला दमतो. मग मैदानात उतरला की त्या माणसाजवळ जाऊन उभा राहायचा. 26 मे 1999, बार्सिलोनात बायर्नविरुद्ध चॅम्पियन्स लीगची फायनल, भरपाईच्या वेळेत त्याचाच विजयी गोल. कोच म्हणून नॉर्वेतल्या मोल्डेला 2011 आणि 2012 अशी लागोपाठ लीग जिंकून दिली. मँचेस्टरला मात्र तीन वर्षांत ट्रॉफी आली नाही. म्हणजे बाकडं पुरतं असं नाही, पण बसवून शिकवतं.

हे ऐकल्यावर आमच्याकडच्या आईबाबांना सांगावंसं वाटतं की पोराला पहिल्या अकरात घेतलं नाही म्हणून जाळीला तोंड लावून सरांवर ओरडू नका. पण ते कोण ऐकतंय.

व्होकल टॉनिक

आपल्याकडचं मोठं नाव प्रदीपकुमार बॅनर्जी, पीके. पुढच्या फळीत उजवीकडून खेळायचे. 1962 च्या जकार्ता एशियाडचं सुवर्ण जिंकणाऱ्या संघात ते होते. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये ते कप्तान होते आणि फ्रान्सशी 1-1 सुटलेल्या सामन्यात भारताचा गोल त्यांचाच. कोच म्हणून 1975 च्या आयएफए शील्ड फायनलमध्ये त्यांच्या ईस्ट बंगालने मोहन बागानला 5-0 धुतलं. कोलकात्यात अजून त्या आकड्यावरून भांडणं होतात. दोन वर्षांनी ते मोहन बागानकडे होते, तेव्हा पेलेचा कॉसमॉस संघ ईडन गार्डनवर आला आणि सामना 2-2 सुटला.

सामन्याआधी पीके खेळाडूंशी जे बोलायचे त्याला कोलकात्याने नाव दिलं, व्होकल टॉनिक. आजीच्या भाकरीची गोष्ट आठवा. या माणसाला ते तोंडात आणता यायचं. सुभाष भौमिकही असेच फॉरवर्ड. कोच म्हणून त्यांनी 2003 मध्ये ईस्ट बंगालला जकार्तात आसियान क्लब कप जिंकून दिला. आणि मधल्या फळीतलं नाव घ्यायचं तर खालिद जमील. मुंबईत महिंद्रा, एअर इंडियाकडून खेळलेला, 2016-17 मध्ये मिझोरमच्या आयझॉलला आय-लीग, म्हणजे तेव्हाची राष्ट्रीय लीग, जिंकून देणारा आणि ऑगस्ट 2025 मध्ये भारताचा कोच झालेला.

लायसन्सचं थोडक्यात. खेळलात म्हणून शिकवता येतं, हे दिवस गेले. भारतात लहान मुलांसाठी डी लायसन्सपासून सुरुवात, मग सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो. परीक्षेत गोल मारून दाखवायचा नसतो. सरावाचा आराखडा कागदावर मांडायचा, मैदानावर मुलं उभी करून तो घ्यायचा, मध्येच थांबवायचा आणि चूक काय ते दोन वाक्यांत सांगायचं. सरांनी पन्नाशीत हे केलं. बाकी सगळं जमलं, ‘थांबवणं’ जमेना म्हणाले. खेळ चांगला चालला असताना शिट्टी मारणं स्ट्रायकरच्या जिवावर येतं.

बायकांच्या फुटबॉलमध्ये हा प्रवास सगळ्यात छान जमवला तो स्वीडनच्या पिया सुंधागेने. देशासाठी 146 सामन्यांत 71 गोल. 1984 च्या युरोपियन फायनलमध्ये पेनल्टी शूटआउटची निर्णायक किक तिची. अमेरिकेची कोच झाल्यावर पहिल्या बैठकीत फळ्यावर खडू चालवण्याऐवजी तिने गिटार काढली आणि गाणं म्हटलं. पुढे 2008 आणि 2012 ची ऑलिंपिक सुवर्णं आणि 2016 मध्ये आपल्या स्वीडनसाठी रौप्य. लेकीला मी हे सांगितलं तर म्हणाली, आमच्या सरांना गायला लावू नकोस.

लेकीचा फुटबॉलचा हट्टही इथलाच. ऑक्टोबर 2022 मध्ये डी. वाय. पाटीलवर सतरा वर्षांखालच्या मुलींच्या वर्ल्ड कपची फायनल झाली, स्पेनने कोलंबियाला 1-0 हरवलं. ती बघून आलो आणि दुसऱ्या दिवसापासून घरात शांतता नाही.

स्ट्रायकर-कोचचा एक फायदा मात्र दुसऱ्या कुणाला नसतो. गोल आटले की काय होतं ते त्याला पोटातून माहीत असतं. पेनल्टी म्हणजे 11 मीटरवरून, समोर एकटा गोलकीपर, तरी शंभरातल्या वीस-पंचवीस चुकतात. साध्या चालत्या खेळातल्या बऱ्याचशा संधी तर दहातली एखादीच आत जाते. म्हणजे चुकणं हाच स्ट्रायकरचा रोजचा धंदा. मुलगी गोल चुकवून खाली मान घालून येते तेव्हा बाकीचे ओरडतात, सर विचारतात, “नाक बघितलंस? मग बरोबर पळालीस. पुढचा.” देशाला या शिकवणीची गरज किती आहे ते छेत्रीवरून कळतं. 94 गोल करून 2024 मध्ये तो निवृत्त झाला आणि 2025 मध्ये, चाळिशीत, त्यालाच परत बोलवावं लागलं.

गेल्या महिन्यात सरांनी लेकीला स्ट्रायकरवरून काढून सेंटर-बॅकला खेळवलं. सलग तीन रविवार. पहिल्या रविवारी घरी येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या रविवारी दोन गोल तिच्या मागून झाले आणि ती रडली. मी सरांना विचारणार होते, पण थर्मास बंद करून गप्प बसले.

तिसऱ्या रविवारी पामबीच रोडच्या सिग्नलला ती एकदम म्हणाली, “आई, मी बॉलकडे बघते ना, तेव्हा ती मागची मुलगी दिसतच नाही. नाक तिकडे केलं तर बॉल दिसत नाही. दोन्ही होतच नाही.”

मग थोडं थांबून, “म्हणजे ती काय बघून पळते ते मला माहितेय.”

सिग्नल सुटला. पुढच्या रविवारी ती कुठे खेळणार, ते सरांनी अजून सांगितलेलं नाही.